एकदा सिझेरियन, म्हणजे नेहमीच?

"पहिलं सिझेरियन झालंय ना? मग दुसरंही सिझेरियनच." घरातल्या वडीलधाऱ्या बायका, शेजारणी आणि कधी कधी डॉक्टरही हे इतक्या सहजपणे सांगतात, की तो शरीराचाच नियम असावा असे वाटते. प्रत्यक्षात हा नियम एका विशिष्ट काळात, विशिष्ट कारणांसाठी तयार झाला. ती कारणे कोणती होती आणि त्यांतली आज किती शिल्लक आहेत, हे पाहू या.

सिझेरियनमध्ये पोट आणि गर्भाशय कापून बाळ बाहेर काढतात. एकोणिसाव्या शतकातील बरेचसे शल्यचिकित्सक पोटाला टाके घालत, पण गर्भाशयाला घालत नसत. गर्भाशय स्नायूंचे असल्यामुळे ते आकुंचन पावून आपली जखम आपणच मिटवील, अशी समजूत होती. परिणामी कितीतरी बायका रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावत. १८७६ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशयच काढून टाकले. ती स्त्री वाचली, पण पुढच्या बाळंतपणाचा प्रश्नच मिटला. १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत मांडली. आता आईही वाचू लागली आणि गर्भाशयही राहू लागले. त्याबरोबर एक नवा प्रश्न आला: शिवलेले गर्भाशय पुढच्या खेपेच्या कळा सोसेल का?

१९१६ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी एका लेखात लिहिले, की एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, असा सर्वसाधारण नियम आहे. आज हे वाक्य सिझेरियनच्या बाजूने वापरले जाते. क्रॅगिन यांचा रोख मात्र नेमका उलटा होता. पहिले सिझेरियन करताना दहादा विचार करा, कारण त्याचे ओझे त्या स्त्रीच्या पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडते, असे ते आपल्या सहकाऱ्यांना बजावत होते. या नियमाला अनेक अपवाद असल्याचेही त्यांनी तिथेच नोंदवले. सिझेरियननंतर तीन मुलांना नैसर्गिकरीत्या जन्म देणारी एक स्त्री त्यांच्याच रुग्णांमध्ये होती. पुढे वाक्य लक्षात राहिले, इशारा मागे पडला.

त्या काळी नियमामागे दोन भक्कम कारणे होती. पहिले कारण मुडदूस. औद्योगिक शहरांतल्या धुरकट, अंधाऱ्या वस्त्यांत ड जीवनसत्त्वाअभावी मुलींची हाडे वेडीवाकडी होत. कटीर अरुंद राहिले, की बाळ बाहेर येऊ शकत नसे. ही अडचण पहिल्या खेपेला जितकी, तितकीच दुसऱ्या खेपेलाही असणार, हे उघड आहे.

दुसरे कारण छेदाच्या जागेत होते. गर्भाशयाचा वरचा भाग जाड स्नायूंचा असतो. कळा येतात म्हणजे हा भाग जोराने आकुंचन पावतो. खालचा भाग पातळ असतो आणि बाळाला वाट देण्यासाठी ताणला जातो. त्या वेळी छेद वरच्या भागात उभा घेत. बाळंतपणानंतरही हा भाग आकुंचन पावत राहतो, त्यामुळे टाके सैलावतात आणि जखम नीट भरून येत नाही. पुढच्या खेपेला कळांचा सगळा जोर याच कच्च्या वणावर येतो.

ग्लासगोचे जॉन मन्रो कर यांनी १९११ पासून खालच्या भागात आडवा छेद घेण्यास सुरुवात केली आणि १९२१ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. हा भाग प्रसूतीनंतर तुलनेने स्वस्थ असतो, म्हणून जखम चांगली भरते आणि पुढे वण फाटण्याचा संभव कमी राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबर ठरले. आज बहुतेक सिझेरियन याच पद्धतीने होतात. मुडदूसही पुष्कळ कमी झाला. प्रतिजैविके आणि रक्तपेढ्या आल्या. म्हणजे नियमाचा पाया बदलला, नियम मात्र टिकला.

त्याचा परिणाम अमेरिकेच्या आकड्यांत दिसतो. १९७० मध्ये तिथे शेकडा ५.५ बाळंतपणे सिझेरियनने होत. १९८८ मध्ये शेकडा २४.७. जुन्या सिझेरियनमुळे केलेले नवे सिझेरियन हे या वाढीचे एक मोठे कारण होते. १९८० मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने जुना नियम सरसकट लावू नये असे सांगितले. त्यानंतर लंबक दुसरीकडे गेला. १९९६ मध्ये पूर्वी सिझेरियन झालेल्या शंभरांतील २८ स्त्रिया नैसर्गिकरीत्या प्रसूत झाल्या. काही विमा कंपन्या तर अशा सर्वच स्त्रियांनी आधी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करावा असा आग्रह धरू लागल्या. पण वण फाटल्याच्या घटनाही पुढे येऊ लागल्या. १९९९ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनेने शल्यचिकित्सक तत्काळ उपलब्ध असण्याची अट घातली, तेव्हा अनेक छोट्या रुग्णालयांनी ही सोयच बंद केली. २००४ पर्यंत २८ चे प्रमाण ९ वर आले.

मग खरा धोका किती? २००४ मध्ये अमेरिकेतील १९ केंद्रांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी सिझेरियन झालेल्या १७,८९८ स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला. शंभरांतील ७३ यशस्वी झाल्या. १२४ जणींचे गर्भाशय फाटले, म्हणजे हजारी सुमारे ७. प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेली बाळे या गटात १२ होती; ठरवून पुन्हा सिझेरियन केलेल्या गटात एकही नव्हते. धोका लहान आहे, पण खोटा नाही. २००१ च्या एका अभ्यासात असेही दिसले, की प्रोस्टाग्लँडिन औषधांनी कळा आणवल्यास वण फाटण्याचे प्रमाण हजारी २४ च्या वर जाते. आपोआप कळा आल्या तर ते हजारी सुमारे ५ होते.

पुन्हा पुन्हा सिझेरियन करणेही निर्धोक नाही. जुन्या वणात वार घट्ट रुतून बसू शकते. मग ती सुटत नाही, प्रचंड रक्तस्राव होतो आणि अनेकदा गर्भाशय काढावे लागते. २००६ च्या एका अभ्यासात पहिल्या सिझेरियनच्या वेळी हा प्रकार हजारी सुमारे २ स्त्रियांत आढळला, चौथ्याच्या वेळी २१ आणि सहाव्याच्या वेळी ६७. म्हणजे आजची सुरक्षितता पुढच्या बाळंतपणाच्या खात्यातून उसनी घेतलेली असू शकते. किती मुले हवी आहेत, हा प्रश्न त्यामुळे वैद्यकीय निर्णयाचाच भाग होतो.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ८.५ होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ झाले. महाराष्ट्रात ते २५.४ होते. देशातील खाजगी रुग्णालयांत ४७.४, तर सरकारी रुग्णालयांत १४.३. यांतल्या लाखो स्त्रिया पुढच्या खेपेला याच प्रश्नापाशी येणार आहेत. त्यांना 'नेहमीच' किंवा 'कधीच नाही' यांपैकी कोणतेही उत्तर पुरणार नाही. छेद कोणता होता, तो का घ्यावा लागला, आधी नैसर्गिक प्रसूती झाली आहे का, रुग्णालयात रात्रीही शस्त्रक्रिया आणि रक्त यांची सोय आहे का, हे विचारावे लागेल. अशी सोय नसलेल्या ठिकाणी किंवा घरी हा प्रयत्न करणे धोक्याचे आहे. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत. वरची पोटावरची खूण आडवी असली, तरी आत गर्भाशयावरचा छेद कसा आहे हे त्या कागदांवरूनच कळते.

वर्गात शेकडेवारी शिकवताना हे आकडे फळ्यावर मांडून पाहावेत. 'हजारी ७' हे 'हजारांत ९९३ ठीक' असेही वाचता येते. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांचा परिणाम वेगळा होतो. आणि कोणताही नियम सांगताना तो कधी व कशासाठी तयार झाला, हेही मुलांना सांगावे. क्रॅगिन यांच्या लेखातले एक वाक्य सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच्या पुढचे, अपवादांविषयीचे वाक्य वाचायला मात्र फार थोडे जण थांबले.