दोन जिवांची चाल



सोलापुराहून अक्कलकोटच्या वाटेला लागले, की शहर संपता संपता औद्योगिक वसाहत लागते. अक्कलकोट रोड एमआयडीसी असे तिचे नाव. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल ज्या यंत्रमागांवर निघतात, त्यांची खडखड इथे रस्त्यावरूनही ऐकू येते. त्याच वाटेने आणखी पुढे कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायांच्या वसाहती आहेत. कांड्या भरणे, टॉवेलाच्या कडा शिवणे, घड्या घालणे, विड्या वळणे, अशी कामे करणाऱ्या हजारो बाया या मुलखात राहतात. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी नेहमीच दोन जिवांची असते.

‘दोन जिवांची’ हा शब्द आपल्या बायांनीच घडवलेला. बाईला दिवस गेले, की घरातली जाणती माणसे सांगू लागतात: पळू नको, सावकाश चाल, भरली घागर उचलू नको. अलीकडे मुली पहाटे मैदानावर धावायला जातात. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून ही आवड लहान शहरांतही पोचली आहे. या मुली डॉक्टरांना विचारतात, दिवस राहिले तर धावणे सोडायचे, की नुसते सावकाश करायचे? प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तरही आज देता येते. पण त्याआधी एक जुनी गोष्ट पाहू. सावकाश चाल असे सांगणे सोपे. पण सावकाश चालण्याची मुभा कोणत्या बाईला होती, आणि नव्हती तिला ती कशी मिळाली?

सल्ला तर फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने काय टाळावे, हे सांगितले आहे. व्यायामाचे श्रम, रात्रीचे जागरण, वाहनात बसून प्रवास, भीती, शोक, उकिडवे बसणे, या गोष्टी त्या यादीत येतात. सल्ला काळजीपोटीच दिलेला आहे. पण थोडा विचार केला तर दिसेल, की तो पाळायचा तर घरात दुसरे कोणी दळणारे, पाणी भरणारे, शेतावर जाणारे हवे. ज्या घरी बाईच्या हातावर चूल पेटायची, तिथे तो ऐकून घ्यायचा आणि टोपली उचलायची, असेच चालत आले.

यंत्रयुग आले आणि बाईच्या चालीवर नवा धनी बसला. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. लोक तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. मागून आणखी गिरण्या आल्या. दुष्काळाने गांजलेल्या खेड्यांतून मराठी आणि कन्नड कुटुंबे आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. गावाचा दिवस भोंग्यावर उगवू लागला. शेतात काम जड असते खरे, पण बांधावर घटकाभर टेकता येते. गिरणीत साचा जितका वेगाने फिरेल तितकाच वेग माणसाने ठेवायचा. त्यातून बायांची बरीच कामे उक्त्या मजुरीची, म्हणजे जितका माल तितके पैसे. अशा जागी सावकाश काम करणे म्हणजे आपल्याच हाताने आपली मजुरी कापणे. मग सातवा महिना काय अन् आठवा काय!

सरकारला याची थोडी जाणीव झाली, ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. बाळंतपणापूर्वी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे कामगार स्त्रीला रजा मिळावी, तीही पोटाला आधार देऊन, असा ठराव तिथे झाला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. पण चौकशा सुरू झाल्या. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांना गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी करायला नेमले. त्यांचा अहवाल १९२२ साली आला. बाया बाळंतपणाच्या तोंडापर्यंत कामावर येतात, आणि बाळंत झाल्यावर कामावर परतताना बहुतेक जणी मुलाला अफूची गोळी देऊन निजवतात, असे त्यात आढळले. त्या बाळगोळीचे नाव आपल्या आजीपणजींना ठाऊक होते. आईला दया नव्हती असे नाही. साच्यापाशी मूल नेता येत नव्हते आणि घरी बसून पोट भरत नव्हते.

नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिकाळच्या मदतीचे बिल आणले. ते पुढच्या वर्षी नामंजूर झाले. मग हा विषय मुंबई कायदे कौन्सिलात आला. आसवले यांनी बिल मांडले आणि जुलै १९२८च्या अखेरीस त्यावर चर्चा झाली. विरोधकांचे म्हणणे असे, की हा खर्च गिरणीमालकांवर का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या कौन्सिलात सभासद होते. त्यांनी बिलाला पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा साध्या शब्दांत सांगायचा तर असा: आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलावा. पण मालक बाईला कामावर ठेवतो तो स्वतःच्या फायद्यासाठी, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून पुरते मोकळे होता येणार नाही.

त्याच आठवड्यात दूर युरोपात काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. हॉलंडात ॲमस्टरडॅमला ऑलिंपिक सामने सुरू झाले होते. २ ऑगस्ट १९२८ रोजी स्त्रियांच्या ८०० मीटर धावण्याची अंतिम शर्यत झाली. ऑलिंपिकमध्ये स्त्रिया इतके अंतर प्रथमच धावत होत्या. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती विश्वविक्रमाने जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या. झाले! वर्तमानपत्रांनी गहजब केला, की हे स्त्रीच्या नाजूक प्रकृतीला झेपणारे नाही. पुढे १९६० सालच्या रोमच्या सामन्यांपर्यंत ही शर्यत स्त्रियांना बंद राहिली.

म्हणजे पाहा, अडीच मिनिटांच्या आत संपणारी शर्यत स्त्रीला सोसत नाही, म्हणून जग हळहळत होते. आणि त्याच वर्षी आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे गिरणीत बाईकडून दिवसाला अकरा तासांपर्यंत काम घेता येत होते, मग ती गरोदर असो वा नसो. जिला स्वतःच्या हौसेने धावायचे होते तिला थांबवले, आणि जिला थांबायचे होते तिला पळवले. दोघींपैकी एकीलाही कोणी विचारले नाही, की बाई, तुला काय झेपते?

१९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिविषयक कायदा झाला. या तऱ्हेचा हा हिंदुस्थानातला पहिला कायदा. बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे सुट्टी आणि त्या दिवसांसाठी रोज आठ आणे, अशी त्याची मूळ योजना. रक्कम लहान होती. पण कामावर न जाता बाईच्या हाती पैसा पडणे, ही गोष्ट नवी होती. १९३१ साली शाही मजूर कमिशनने असे कायदे इतर प्रांतांतही करावेत, अशी शिफारस केली.

कायदा झाला म्हणून सगळे आलबेल झाले, असे मात्र नाही. पैसे द्यावे लागतील म्हणून बायांना कामावरच घेऊ नये, किंवा चाहूल लागताच काढून टाकावे, अशी पळवाट निघू शकत होती. म्हणून १९६१च्या केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्याने गरोदरपणाच्या रजेवर असताना स्त्रीला कामावरून काढण्यास मनाई केली. बारा आठवड्यांचा पगार ठरला, आणि २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी तो सव्वीस आठवड्यांचा झाला. पण त्या कायद्यातली एक लहानशी तरतूद फारशी कोणी सांगत नाही, ती आज मुद्दाम सांगतो. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे जे सहा आठवडे, त्यांच्याही आधीचा एक महिना, गरोदर स्त्रीने मागणी केली, तर तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. आणि त्यासाठी मजुरीही कापता येत नाही. कामावर असूनही चाल कमी करण्याचा हा हक्क आहे. पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हलक्या कामाची ही तरतूद घेतली गेली.

आता हा हक्क अक्कलकोट रोडवर कितपत पोचतो? सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. एका छपराखाली हजारो माणसे काम करीत, ते दिवस गेले. काम लहान कारखान्यांत आणि घरांत विखुरले. कायद्याचा हिशोब साधारणतः दहा माणसांपासून सुरू होतो. जिथे चार माग आणि पाच माणसे, तिथे हजेरीपटच नाही, मग हक्क कशावर लिहायचा? विडी वळणाऱ्या बाईचे काम घरीच. मांडीवर सूप, त्यात पाने आणि तंबाखू, आणि हजार विड्यांमागे मजुरी. १९६६च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही प्रसूतिलाभ लागू केला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. तो मिळायचा तर तिचे नाव कागदावर हवे. कुंभारीला २००६ साली कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती या बायांनी संघटनेच्या बळावर मिळवली. ज्यांनी घर मिळवले, त्या कागदावर नावही मिळवू शकतात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. गरोदरपणी धावावे का? डॉक्टरांचे मतही बदलत आले आहे. १९८५ साली अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने सांगितले, की व्यायाम करताना नाडीचे ठोके मिनिटाला १४०च्या वर जाऊ देऊ नयेत आणि जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त करू नये. १९९४ साली ही ठोक्यांची मर्यादा काढून टाकण्यात आली. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की ज्या गर्भवतीला काही अडचण नाही, तिने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी. जिला आधीपासून धावण्याची सवय आहे, तिने डॉक्टरांना विचारून चालू ठेवायला हरकत नसते. मात्र चाल आपोआप कमी होते, आणि तशी ती होऊ द्यावी. गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, बसल्या जागीही हृदय जलद चालते, पोटाचा भार पुढे येतो, सांधे सैल पडतात. खूण सोपी आहे: धावताना किंवा चालताना दोन वाक्ये सरळ बोलता आली पाहिजेत. धाप लागून बोलणे तुटले, की वेग कमी करावा. सवय नसेल तिने धावण्याऐवजी चालावे. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, पोटात कळा, बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

मग कोणी म्हणेल, हालचाल चांगली, तर शेतातल्या बाईला विश्रांती कशाला? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातून मिळाले आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ ते १९९६ या काळात गरोदर स्त्रियांचा आहार आणि कष्ट यांचा अभ्यास झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी त्यात होते. ज्या बायांना शेतीचे आणि पाणी आणण्याचे कष्ट जास्त पडत होते, त्यांची बाळे जन्मतः लहान होती, असे त्यात दिसले. म्हणजे पोटभर जेवून अर्धा तास आपल्या मर्जीने चालणे वेगळे, आणि अपुऱ्या अन्नावर दिवसभर दुसऱ्याच्या वेगाने राबणे वेगळे. घाम दोन्हींत येतो. पण पहिलीला दमल्यावर थांबता येते. दुसरीला थांबता येत नाही, आणि सारा फरक तिथे आहे.

म्हणून शिक्षकांना आणि गावच्या जाणत्यांना एक विनंती. आपल्या गावात कोणाला दिवस गेले, असे कळले, की तिचे नाव आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत लवकर नोंदवले जाईल, असे पाहा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०१७पासून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. त्याचे कागद भरायला मदत करा. कारखान्यात काम करणारी असेल, तर हलक्या कामाचा तो एक महिना तिला समजावून सांगा आणि अर्ज लिहून द्या. वर्गातल्या मोठ्या मुलींना आणि मुलांनाही हा इतिहास सांगा. आणि घरच्या पुरुषांनो, सावकाश चाल असे तिला सांगाल, तेव्हा तिच्या डोक्यावरची घागर आधी आपल्या खांद्यावर घ्या.