संपाच्या वर्षीचं भात

आमच्या घरात अजूनही बऱ्याच गोष्टी ‘संपाच्या वर्षी’ झालेल्या असतात. परड्यातला रायवळ आंबा संपाच्या वर्षी पहिल्यांदा धरला, आत्याचं लग्न संपाच्या वर्षी पुढे ढकललं, विहिरीचा कठडा संपाच्या वर्षी अर्धाच राहिला. कोणता संप, हे रत्नागिरीजवळच्या आमच्या हातखंब्यातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातले सरकारी आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी, शिक्षक असे सगळे मिळून ५४ दिवस कामावर गेले नाहीत, तो संप. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि १९७८ च्या फेब्रुवारीत मिटला. मोठे काका तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. माझा जन्म त्यानंतरचा. मला तो संप मिळाला तो ओटीवर बसून ऐकलेल्या गोष्टींतून, आणि काकांची गोष्ट वेगळी, काकूची वेगळी.

काकांची गोष्ट मागणीपासून सुरू व्हायची. केंद्र सरकार आपल्या नोकरांना ज्या दराने महागाई भत्ता देतं, त्याच दराने राज्यानेही द्यावा, एवढंच म्हणणं. “पोस्टातला कारकून आणि मी रत्नागिरीच्या एकाच दुकानात तूरडाळ घेतो. दुकानदार त्याला एक भाव आणि मला दुसरा लावतो काय?” हे ते इतक्या वेळा म्हणत की आम्हा पोरांना पाठ झालं होतं. संपाचे पुढारी र. ग. कर्णिक. त्यांचं नाव काका नेहमी ‘कर्णिकसाहेब’ असंच घेत. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. आणीबाणी उठून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तोंड दाबून बसलेल्या माणसांना पुन्हा मोठ्याने मागता येऊ लागलं होतं, आणि त्या मागण्याला जोर होता तो त्याचाच, असं मला वाटतं.

संप डिसेंबरात का, हेही काका समजावून सांगत. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं, ते हिवाळ्यात. एरवी मंत्री निवेदन घेतात आणि फाईल पुढे सरकते, किंवा सरकत नाही. सभागृह चालू असलं की कुणीतरी आमदार लक्षवेधी मांडतो, कुणी स्थगन प्रस्ताव देतो, आणि सरकारला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर कामकाजात छापलं जातं. म्हणून संघटना अधिवेशनाची तारीख बघून आपली तारीख ठरवते. ही रीत आजही तीच आहे.

यात काकांच्या मनाला लागलेली एक गोष्ट होती. विधान परिषदेत शिक्षकांचे स्वतंत्र मतदारसंघ आहेत, पण मत देण्याचा अधिकार माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना. प्राथमिक मास्तराला तो नाही, तेव्हाही नव्हता. गावाला अक्षरओळख करून देणाऱ्या माणसाला त्या सभागृहात आपला म्हणावा असा कुणी धाडता येत नाही. त्याला मोर्चाच काढावा लागतो. मला हा अन्याय वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

नागपूर तेव्हा आम्हाला फार लांब होतं. कोकण रेल्वे यायला अजून वीस वर्षं होती. एस.टी.ने पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून रेल्वे धरायची. काका नागपूरला गेले नाहीत. ते रोज सकाळी तिठ्यावर जाऊन उभे राहत. मुंबई, गोवा आणि रत्नागिरी असे तिन्ही रस्ते जिथे मिळतात तिथे बातमी आपोआप यायची. सातच्या प्रादेशिक बातम्या ऐकून घरून निघायचं, मग मुंबईच्या गाडीतून उतरणाऱ्याला विचारायचं, रत्नागिरीहून येणाऱ्याला विचारायचं. ‘मिटला’, ‘नाही मिटला’, ‘बोलणी फिसकटली’.

काकूच्या गोष्टीत कर्णिकसाहेब नव्हते, वसंतदादा नव्हते. तिच्या गोष्टीत कणगी होती. “अगो, भात नुकतं झोडून आत आलं होतं म्हणून निभावलं. हाच संप आषाढात झाला असता तर?” पगार बंद, पण कणगीत भात होतं, कुळीथ पेरलेले होते, वाल होते. मीठमिरची, रॉकेल आणि चहापावडर उधारीवर. दुकानदाराने वही पुढे चालू ठेवली आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे ती हमखास सांगायची. खरी पंचाईत झाली ती काकांच्या जोडीच्या मास्तरांची. ते घाटावरचे, भाड्याच्या खोलीत राहणारे, इथे ना शेत ना नातं. संपाच्या दुसऱ्या महिन्यात ते दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायला असत. सुरुवातीला संकोचाने कमी जेवत, म्हणून काकू त्यांना आधी वाढायची आणि समोरून हलायची नाही. पंचक्रोशीतला एक मास्तर मधेच कामावर रुजू झाला होता. त्याचं नाव काकांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. “त्याच्या घरात आजारपण होतं,” एवढंच.

आणि मनीऑर्डर. धाकटे काका लालबागला राहत, गिरणीत होते. त्या हिवाळ्यात त्यांनी दरमहा पाठवायचे त्याहून जास्त पैसे पाठवले. ती मनीऑर्डर घेऊन यायचा पोस्टमन. तो केंद्राचा नोकर, केंद्राचा भत्ता घेणारा. काका म्हणायचे, “माझी मागणी रोज खाकी कपडे घालून अंगणात यायची.”

संप मिटला तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्याच वर्षी जुलैत शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि केंद्राच्या दराने महागाई भत्ता देण्याचा निर्णय झाला.

चार वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, सुमारे अडीच लाख कामगार. आता मनीऑर्डर उलट्या दिशेने जाऊ लागली. वाढलेल्या भत्त्यातून मोठे काका लालबागला पैसे पाठवत. त्या संपाला शेवट असा झालाच नाही. कितीतरी गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, आणि धाकटे काका ट्रंक घेऊन तिठ्यावर उतरले ते कायमचे. दोन भाऊ, दोन संप. मास्तरांचा मालक सभागृहात बसलेला होता, त्याला उत्तर देणं भाग होतं. गिरणीमालकाला तसं कुणी उभं करू शकलं नाही. मोठे काका निवृत्त झाले आणि त्यांना पेन्शन लागली. ते गेल्यावर काकूला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळालं. धाकट्या काकांच्या हाती पेन्शन म्हणून काही पडलं नाही.

मोठ्या काकांची नात, म्हणजे माझी पुतणी, आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती लागली २००५ नंतर. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून दहा टक्के अंशदान कापलं जातं, सरकार आपला वाटा घालतं, आणि म्हातारपणी किती मिळेल ते २०२४ पर्यंत बाजारावर अवलंबून होतं. आजोबांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मिळे. त्यासाठी पगारातून काहीच कापलं जात नसे. नातीने सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली, ती वेगळीच.

डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, म्हणून ती देता येणार नाही. महिनाभरात विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका आल्या आणि बोलण्याचा सूर मवाळ झाला. १४ मार्च २०२३ ला, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, राज्यभर संप सुरू झाला. विश्वास काटकर निमंत्रक होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा रत्नागिरीतही घुमली. त्याच अधिवेशनात मेस्माचं, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणाऱ्या कायद्याचं, विधेयकही मंजूर झालं. सरकारने निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी झाली आणि सातव्या दिवशी संप मागे घेतला गेला. डिसेंबरात पुन्हा नागपूरला मोर्चा निघाला.

त्या दिवसांत तिठ्यावरच्या टपरीवर एक प्रश्न नेहमी ऐकू यायचा: तुम्हाला पेन्शन, मग आम्ही आंबाकाजूवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी, गडीमाणसांनी काय करायचं? प्रश्न खरा आहे. झटकून टाकण्यासारखा तर मुळीच नाही. पण ज्याला आहे त्याची काढून घेतली म्हणून रिक्षावाल्याच्या हातात रुपयाही आला नाही. याचं उत्तर देण्याचा अधिकार आमच्या घरात धाकट्या काकांचा. पुतणी मोर्चाला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात नोटा कोंबल्या. ती नको म्हणाली. “संपाच्या वर्षी तुझ्या आजोबाला पाठवलेच होते ना? मला नाही मिळाली ती तुलाही नको, असं मी कशाला म्हणू?”

मार्च २०२४ मध्ये सरकारने सुधारित योजना विधिमंडळात जाहीर केली, त्यात शेवटच्या पगाराच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची आणि महागाई भत्त्याची हमी आहे. ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत योजना राज्याने स्वीकारली. तिच्यात पूर्ण निम्मं मिळायला पंचवीस वर्षं सेवा हवी. पुतणी तरुणपणी लागली, तिची ती भरतील. तिच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई भरती रखडल्यामुळे चाळिशीला टेकल्यावर लागल्या, त्यांची भरणार नाहीत. आणि दहा टक्के कपात दोघींचीही चालूच राहणार. म्हणून येत्या अधिवेशनासाठी संघटनेला द्यायच्या निवेदनात पुतणीने हे दोन मुद्दे सगळ्यांत वर लिहिले आहेत, आणि खाली सह्या गोळा करायला ती रविवारी पालीकडच्या शाळांच्या बायकांना भेटते आहे.