चांदीवरची रानडुकरे

माझ्या आईच्या लग्नातला पितळी तांब्या अजून माझ्या घरात आहे. तांब्या आला आईच्या माहेराहून, पण त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव माझ्या वडिलांचे आहे. भांड्यांच्या दुकानात तेव्हा विचारत, ‘नाव कोणाचे घालायचे?’ उत्तर बहुतेक ठरलेले असे. अठराव्या शतकातील इंग्लिश चांदीवर कोरलेली कुलचिन्हे वाचायला मी शिकू लागले, तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. संग्रहालयांच्या सूच्या आणि सरदार घराण्यांच्या वंशावळी शेजारी शेजारी ठेवून वाचत गेले, एवढेच.

इंग्लिश चांदीचे जुने तबक उलटून पाहिले की छोटे छोटे ठसे दिसतात. सोन्याच्या दुकानामुळे हॉलमार्क हा शब्द आता आपल्याही घरोघरी पोहोचला आहे. लंडनच्या चांदीवर शहराच्या तपासणीचा बिबट्याचा मुखवटा, शुद्धतेची खूण म्हणून चालणारा सिंह, कारागिराचा ठसा आणि वर्ष सांगणारे एक अक्षर असते. वर्षाक्षराची पद्धत 1478 पासूनची. म्हणजे वस्तूचा जन्म कधी झाला, हे ती वस्तू स्वतःच सांगते. 1697 मध्ये कायद्याने भांड्यांची शुद्धता 92.5 टक्क्यांवरून 95.8 टक्क्यांवर नेली, कारण लोक नाणी कातरून आणि वितळवून त्यांची भांडी करत होते. 1720 मध्ये जुने प्रमाण पुन्हा चालू झाले. नाणे आणि ताट या एकाच धातूच्या दोन अवस्था होत्या, हे यावरून ध्यानात येते. अनेक भांड्यांच्या बुडाशी त्यांचे वजन खरवडून लिहिलेले सापडते, तेही याचसाठी. चांदी जेवणाच्या टेबलावर मांडलेली असली, तरी ती तिजोरीच होती.

ठसे जन्म सांगतात. वरच्या बाजूचे कुलचिन्ह मालकी सांगते. ढाल, तिच्यावर दर्जाप्रमाणे मुकुट, दोन्ही बाजूंना ढाल पेलणारे प्राणी आणि खाली ब्रीदवाक्य, अशी उमरावाच्या चिन्हाची मांडणी असते. मुकुटावरून पायरी कळते. अर्लच्या मुकुटात उंच टोकांवर गोळे आणि मधून स्ट्रॉबेरीची पाने. ड्यूकच्या मुकुटात नुसती पाने. चांदीला रंग नाही, तरी ढालीचे रंग वाचता येतात. सतराव्या शतकात रूढ झालेल्या संकेतानुसार उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, उभ्या-आडव्या रेघांची जाळी म्हणजे काळा आणि कोरी जागा म्हणजे रुपेरी.

जन्म आणि मालकी यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. जुने चिन्ह खरवडून त्या जागी नवे कोरण्याची चाल सर्रास होती. खरवडलेली जागा पातळ होते, बोटांना जाणवते. तिच्यावर तोंडाची वाफ सोडली तर कधी कधी जुन्या रेघांचा मागही दिसतो. ढालीभोवतीच्या नक्षीवरूनही कळते. 1710 च्या ठशांच्या तबकावर 1750 च्या सुमाराची वेडीवाकडी, शिंपल्यांची नक्षी असेल, तर चिन्ह नंतरचे. बाजारात अशा वस्तूची किंमत उतरते. मला मात्र ती अधिक बोलकी वाटते, कारण कोणाच्या तरी हातून गेलेली आणि कोणाच्या तरी हाती आलेली मालकी तिथे एकाच जागी भेटते.

मालकी सांगण्याचा हा हट्ट पराकोटीला गेलेला पाहायचा असेल, तर मँचेस्टरजवळच्या डनहॅम मॅसी या वाड्यातील चांदी पाहावी. ती जमवली वॉरिंग्टनचा दुसरा अर्ल जॉर्ज बूथ याने. बूथ घराण्याच्या रुपेरी ढालीवर रानडुकरांची तीन काळी मुंडकी आहेत. ढाल पेलणारे प्राणीही रानडुकरेच. जॉर्जचा जन्म 1675 चा. 1694 मध्ये वडील वारले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. वारशात अर्लपद मिळाले आणि त्यासोबत डोंगराएवढे कर्जही.

त्यावर त्याने त्या काळातला नेहमीचा उपाय केला. 1702 मध्ये त्याने मेरी ओल्डबरी या लंडनच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केले. तिने आणलेली रक्कम 40,000 पौंड सांगतात. ती कर्जफेडीत गेली. संसार मात्र जमला नाही. नवरा-बायको एकाच घरात परक्यासारखे राहिले, असे त्या काळचे लोक लिहून गेले आहेत. 1739 मध्ये अर्लने स्वतःचे नाव न घालता एक पुस्तिका छापली. स्वभाव जुळत नसतील तर घटस्फोट मिळावा, असे तिचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मेरी वारली.

मधल्या काळात इस्टेट सावरली होती आणि अर्ल चांदी घडवून घेत होता. त्याचे कारागीर बहुतांशी ह्यूगनॉ, म्हणजे फ्रान्समध्ये 1685 साली प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर देश सोडलेल्यांपैकी किंवा त्यांच्या वंशातले होते. आयझॅक लिजर आणि पीटर आर्शांबो ही त्यांतली दोन मोठी नावे. ही चांदी जड, घडण उत्तम, नक्षी बेताची. 1750 मध्ये अर्लने आपल्या चांदीची यादी स्वतःच्या हाताने, प्रत्येक नगाच्या वजनासह लिहून काढली. कर्जात वाढलेल्या माणसाचा तो जमाखर्च आहे, असे मला वाटते.

आता आईच्या तांब्याचा प्रश्न. या चांदीवर नाव कोणाचे? उत्तर उघड आहे: बूथांचे. पण इंग्लिश कुलचिन्हांच्या शास्त्रात एक फट आहे. भाऊ नसलेली मुलगी बापाच्या चिन्हाची वारस होते. तिचे लग्न झाले की तिच्या बापाची ढाल नवऱ्याच्या ढालीच्या मध्यभागी लहान आकारात बसते, आणि तिची मुले ती आपल्या ढालीत कायमची सामावून घेतात. मेरी अशीच वारस होती. ज्या ओल्डबरींच्या पैशावर बूथ तरले, त्यांच्या ढालीला या नियमाने बूथांच्या ढालीत जागा मिळत होती. बायकोशी अबोला धरता आला, तरी तिचा हक्क शास्त्राने मान्य केलेला होता.

हाच नियम पुढे अर्लच्याच उपयोगी पडला. त्याला मुलगा नव्हता. मेरी नावाचीच एकुलती एक मुलगी होती. अर्लपद मुलीला मिळत नसे, त्यामुळे 1758 मध्ये तो वारला तेव्हा वॉरिंग्टनचे अर्लपद संपले. पण वाडा आणि चांदी मुलीकडे गेली. तिचे लग्न 1736 मध्ये स्टॅमफर्डचा अर्ल होणाऱ्या हॅरी ग्रेशी झाले होते. तिच्या मुलाला 1796 मध्ये वॉरिंग्टनचे अर्लपद नव्याने देण्यात आले. बापाचा मान ज्या मुलीपर्यंत पोहोचू शकला नाही, तिच्याच मुलाकडे तो अडतीस वर्षांनी परत आला.

चांदीचे पुढे हाल झाले. बराच भाग विकला गेला. डनहॅमच्या शेवटच्या मालकाने, स्टॅमफर्डच्या दहाव्या अर्लने, त्यातले काही नग शोधून परत विकत घेतले. तो अविवाहित होता. 1976 मध्ये तो वारला आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे वाडा व संग्रह नॅशनल ट्रस्टकडे आला. विखुरलेल्या चांदीतून आपले नग ओळखायला रानडुकरांची मुंडकी आणि आजोबा-पणजोबांच्याही आधीच्या त्या अर्लची वजनांची यादी, हे दोन चांगले साक्षीदार होते.

कुलचिन्ह पाहून ‘कोणत्या उमरावाची चांदी?’ असे आपण विचारतो आणि नाव सापडले की थांबतो. मी आता आणखी दोन प्रश्न विचारते. पैसा कोणाकडून आला? आणि वस्तू पुढे कोणाकडे गेली? डनहॅमच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर बायको आहे, दुसऱ्याचे मुलगी. दोघींचे नाव मेरी.

आईच्या तांब्यावर तिच्या माहेरची खूण ठेवायला आपल्याकडे असा कोणताही नियम नव्हता. म्हणून तो कुठून आला, हे मी एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवले आहे.