उधन्याहून पूर्वेकडे : तापी खोऱ्यातील लोहमार्ग आणि डोंगरवाटा

उधना हे सुरतेच्या दक्षिणेचे जंक्शन, म्हणजे मुख्य लोहमार्गाला दुसरा मार्ग येऊन मिळतो असे स्थानक, पूर्णपणे सपाट मुलखात वसलेले असल्यामुळे डोंगरभ्रमंतीच्या इतिहासात त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. तथापि दक्षिण गुजरात आणि खानदेश यांमधील डोंगर ज्या मार्गाने रेल्वेच्या टप्प्यात आले, त्याची सुरुवात येथूनच होते. मुंबई–बडोदे लोहमार्ग 1864 पर्यंत सलग झाला होता. त्यानंतर तापी व्हॅली रेल्वे या खासगी कंपनीने 1900 च्या सुमारास सुरत ते अमळनेर हा ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, मार्ग पूर्ण केला, तो मुख्यतः खानदेशचा कापूस पश्चिम किनाऱ्याकडे आणण्याच्या हेतूने. डोंगर चढणाऱ्यांचा विचार त्यात कोणी केला असण्याचा संभव नाही.

हा मार्ग ब्रिटिश सुरत जिल्ह्यातून बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात, म्हणजे व्यारा आणि सोनगड या मुलखात, शिरत असे आणि नवापूरपाशी पुन्हा ब्रिटिश खानदेशात उतरत असे. सोनगडचा किल्ला हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांचे मुख्य ठाणे होते, आणि गुजरातेतील गायकवाडी सत्तेचा विस्तार या डोंगरी आश्रयातूनच झाला. राजधानी बडोद्याला गेल्यावर गडाचे लष्करी महत्त्व ओसरले, परंतु माथ्यावरील देवीस्थानांमुळे त्याची वाट मोडली नाही. रेल्वे आल्यावर ही चढण स्थानकापासून पायी करण्याजोगी झाली, आणि 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे नाव आज त्या स्थानकाच्या नावाला जोडलेले आहे.

याहून मोठी आणि अधिक विचार करण्याजोगी वाट मात्र नंदुरबार स्थानकाच्या पलीकडे, तापीच्या उत्तर तीरावरील सातपुड्यात आहे. अस्तंभा हे तेथील सुमारे 1,325 मीटर उंचीचे शिखर अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते. कपाळावरची वाहती जखम घेऊन तो चिरंजीव तेथे तेल मागत हिंडतो, अशी श्रद्धा आहे. दरवर्षी दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातील भाविक तळोद्याकडून डोंगर चढू लागतात, रात्रीही चालत राहतात. त्याच दिवसांत सुरत-उधना भागातील यंत्रमाग सणासाठी थांबतात आणि नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून कामासाठी आलेली अहिराणी बोलणारी कुटुंबे गावाकडे निघाल्यामुळे खानदेशकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. यात्रा रेल्वेहून जुनी, परंतु यंत्रमागाची सुटी, गाडी आणि चढण यांची आजची सांगड औद्योगिक काळाचीच होय.

रेल्वेने जाऊन पुढे पायी चालण्याची पद्धत इतरत्रही रुजली, पण वेगळ्या कारणाने. लंडनमध्ये लेखक लेस्ली स्टीफन यांनी 1879 साली ‘संडे ट्रॅम्प्स’ नावाचे मंडळ स्थापून रविवारी रेल्वेने गावाबाहेर जायचे आणि मैलोगणती चालायचे, अशी प्रथा सुशिक्षितांत रूढ केली. मुंबईकडे 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानची माहिती प्रसिद्धीस आणल्यानंतर नेरळ स्थानकावर उतरून घोड्यावर, पालखीत किंवा पायी वर जाणे हा हवापालटाचा भाग बनला, आणि 1907 साली डोंगरी गाडी सुरू झाल्यावर त्या चढणीची निकडही संपली. या दोन्ही उदाहरणांत स्थानकापासूनची चाल ही फुरसतीची बाब होती. तापी खोऱ्यात ती नवसाची, माहेरओढीची आणि मजुरीच्या सुट्यांची बाब राहिली; म्हणून तिची नोंद गिरिभ्रमणाच्या पुस्तकांत झाली नाही, हा दोष चालणाऱ्यांचा नसून नोंद ठेवणाऱ्यांचा आहे.

उधन्याच्या दक्षिणेस बिलिमोऱ्याहून वघईला जाणारी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, गाडी 1913 पासून बडोदे संस्थानाने चालवली. तिचा हेतू डांगच्या सागवानाची वाहतूक हाच होता, आणि त्या 63 किलोमीटर मार्गाचे शेवटचे स्थानक डांगच्या जंगलाच्या तोंडाशी आहे. लाकडासाठी घातलेले रूळ पुढे डोंगरात जाणाऱ्या माणसांनाही उपयोगी पडले, कापसासाठी घातलेल्या उधना–जळगाव मार्गाप्रमाणेच. उधना–जळगाव मार्ग आता दुहेरी आणि विद्युतीकृत झाला असून, 1960 च्या राज्यविभाजनानंतर नवापूर स्थानकाच्या फलाटावरूनच गुजरात आणि महाराष्ट्र यांची सीमा जाते.