जीवशास्त्राचे दोन महाराष्ट्रीय अभ्यासक व त्यांचें परदेशगमन

शनिशिंगणापूर हें नेवासें तालुक्यांतील गांव. 1968 सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठ शेजारच्याच राहुरी तालुक्यांत असल्यामुळें येथील शेतकऱ्यांच्या मुलांस जीवशास्त्र आतां परकें राहिलें नाहीं. हीं मुलें आम्हांस विचारतात कीं, "गुरुजी, परदेशीं गेल्यावांचून संशोधक होतां येतें काय?" प्रश्न व्यवहाराचा दिसतो, परंतु त्याचें उत्तर इतिहासांत शोधलें पाहिजे.

संशोधनाची दीक्षा परदेशींच मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती सनावळीच्या कसोटीस उतरत नाहीं, हें दोन उदाहरणांनीं दाखविण्याचा या टिपणाचा हेतु आहे.

पहिलें उदाहरण डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचें. यांचा जन्म 1884 सालीं मालवण येथें झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत असतांना ते सह्याद्रींत हिंडून वनस्पति व प्राणी गोळा करीत. सातारा जिल्ह्यांत, कृष्णेच्या खोऱ्यांतील ओढ्यांत, त्यांस गोड्या पाण्यांतील जेलीफिश आढळला. या प्रजातींतील प्राणी तोंवर आफ्रिकेंतच ठाऊक होते. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे डॉ. अॅनन्डेल यांनीं 1911 सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणजे या वेळेपर्यंत आघारकरांनीं युरोपचा किनाराही पाहिला नव्हता.

पुढें कलकत्ता विश्वविद्यालयांत सर रासबिहारी घोष यांच्या देणगींतून निघालेल्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली, व 1914 सालीं त्यांस अधिक अभ्यासार्थ जर्मनीस पाठविण्यांत आलें. तोंच महायुद्ध पेटलें. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रूच्या मुलखांत अडकले व नजरकैदही त्यांच्या वांट्यास आली. तरी बर्लिन येथें एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं आपला प्रबंध पुरा केला. तो 1920 सालीं जर्मन भाषेंत छापला गेला. त्याचा विषय ध्यानांत घेण्याजोगा आहे : वायव्य हिंदुस्थानच्या रूक्ष प्रदेशांतील वनस्पतींचा प्रसार. गुरु जर्मन, पद्धति जर्मन. प्रश्न मात्र येथला.

दुसरें उदाहरण कमलाबाई भागवत, पुढील सोहोनी, यांचें. या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. 1933 सालीं मुंबईची पदवी घेऊन त्यांनीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें अर्ज केला, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला. कमलाबाई मागें हटल्या नाहींत. अखेर एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम करून त्यांनीं 1936 सालीं पदव्युत्तर पदवी मिळविली. यानंतर रामन यांनीं संस्थेंत स्त्रियांस प्रवेश खुला केला. 1937 सालीं त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करीत असतां वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतें, असें त्यांस आढळलें, व 1939 सालीं डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशीं परतल्या.

यावरून परदेशवास निरर्थक होता, असें मात्र कोणी समजूं नये. बर्लिनचा वनस्पतिसंग्रह व केंब्रिजची प्रयोगशाळा यांची जोड त्या काळीं येथें नव्हती. शिवाय दोघांसही अनुकूलता होती : आघारकरांस घोष यांच्या देणगीचा आधार, कमलाबाईंस रसायनशास्त्रज्ञ पिता. तो आधार नसल्यामुळें किती हुशार मुलें मागें राहिलीं असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहीं. दोन उदाहरणांवरून नियम बांधतां येत नाहीं, हेंही आम्ही जाणतों. इतकें मात्र ठाम म्हणतां येतें कीं, या दोघांच्या हातांस कामाची संवय बोटीवर चढण्यापूर्वींच जडली होती.

आघारकरांस ही उणीव उमगली होती, असें त्यांच्या उत्तरायुष्यावरून दिसतें. 1946 सालीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, व तिचे संस्थापक-संचालक तेच होते. 1992 पासून तिची संशोधन संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

असो. आम्हांस विचारणाऱ्या मुलांस आमचें उत्तर असें : परदेशीं अवश्य जा, पण त्याआधीं मुळेच्या कालव्याकांठीं काय उगवतें, याची वही घाला. ती वही बरोबर असेल, तर तेथें गेल्यावर काय विचारावें हा प्रश्न पडणार नाहीं.