फुकट इंटरनेट आणि आपला काटा

हिरडा विकताना आपण काटा बघतो. पण व्यापारी ओळखीचा असला की बघायचं राहून जातं, आणि परका असला की काटा बरोबर असूनही मनात शंका राहते. आज आम्ही याच सवयीची एक गोष्ट सांगणार आहोत. ती हिरड्याची नाही, इंटरनेटची आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर एक योजना आणली. त्यात महाराष्ट्रही होता. काही ठरावीक वेबसाइट फुकट, बाकीच्यांना पैसे. पुढे तिचं नाव 'फ्री बेसिक्स' पडलं. डिसेंबरमध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला होता. या योजनेमुळे त्याला हवामान आणि बाजारभाव कळतात, असं त्यांचं म्हणणं.

लगेच दोन तट पडले. कुणी म्हणालं, ही नवी ईस्ट इंडिया कंपनी! कुणी म्हणालं, गरिबाला फुकट मिळतंय तर यांच्या पोटात का दुखतं? योजना नीट बघण्याआधीच अनेकांनी कंपनीचा हेतू ठरवून टाकला होता. इंग्रजांची आठवण खरी, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या 'ट्राय'ने लोकांना चार प्रश्न विचारले होते. फेसबुकवरून लाखो लोकांनी पाठिंब्याचा तयार मजकूर पाठवला. त्यात त्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती. ८ फेब्रुवारी २०१६ ला 'ट्राय'ने निकाल दिला: आपण काय बघतो त्यावरून इंटरनेटचा दर बदलायचा नाही. हा नियम एकट्या फेसबुकपुरता नव्हता, सगळ्या कंपन्यांना सारखाच होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि कित्येक महिने इंटरनेट फुकट मिळालं. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी फारशी कुणाला आठवली नाही. एक फरक खराच होता, इथे सगळंच इंटरनेट खुलं होतं. पण "आज फुकट का, आणि उद्या काय घेणार?" हा प्रश्न देशी कंपनीलाही विचारायलाच हवा होता.

आता गटातल्या बायांच्या मोबाइलवर रोज नवं अ‍ॅप येतं. ते कुणाचं आहे, हे नंतर बघू. आधी विचारू: खर्च कोण भरतं? आपली कोणती माहिती घेतात? नको झालं तर सोडता येतं का?

कुणाच्या मनातला हेतू आपल्याला दिसत नाही. काटा दिसतो. तो ओळखीच्याचाही बघूया.