पाण्यात युरेनियम कुणाचं ऐकतं?

चपला काढू नका, जमीन अजून निवायची आहे. हे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं बीड. लाव्ह्याचे थर एकावर एक चढताहेत. पुढे यातूनच बालाघाटचे डोंगर कोरले जातील. हा काळा पाषाण युरेनियमच्या बाबतीत तसा कफल्लकच. पण त्याच युगात आजच्या मोरोक्कोच्या जागी उथळ समुद्र आहे. त्याच्या तळाशी माशांचे दात नि हाडं साचून फॉस्फेटचे थर होताहेत आणि पाण्यातलं युरेनियम त्यांत मुरतंय.

1948 मध्ये या. बीडवर निजामाचा अंमल आहे, सप्टेंबरात तो संपेल. तुम्ही मात्र अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात उभे आहात. अणुबॉम्बच्या कामात युरेनियम हाताळणाऱ्यांच्या काळजीपोटी इथं त्याच्या विषारीपणाचा अभ्यास सुरू झाला. एसर रोथस्टाइन यीस्टला साखर देतात. पाण्यात युरेनियमचा क्षार पडला की यीस्टचं खाणं थांबतं. युरेनियम पेशीच्या आत जातच नाही. पृष्ठभागावरचे फॉस्फेटचे गट धरून बाहेरच बसतं.

आता थेंबात मावाल इतके लहान व्हा. समोर युरेनिल आहे: मधे युरेनियम, वर-खाली एकेक ऑक्सिजन घट्ट बांधलेला. मोकळी जागा फक्त कमरेभोवती, तिथं पाण्याचे रेणू चिकटलेत. ग्लुकोज-6-फॉस्फेट, म्हणजे फॉस्फेट जोडलेली साखर, जवळ येतं. पाणी थोडं आम्लधर्मी असेल, तर त्याच्या फॉस्फेटचा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूला बाजूला सारून ती जागा घेतो. साखर सोबत असल्यामुळे जोडी विरघळलेली राहते. सुटं फॉस्फेट आलं असतं, तर युरेनियम त्याच्यासकट घनरूपात तळाशी बसलं असतं.

नेमका हाच फरक 2006 साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात दीप्ती अप्पुकुट्टन, ए. एस. राव आणि श्रीकुमार आपटे यांनी कामाला लावला. किरणोत्सर्गाला न जुमानणाऱ्या डायनोकॉकस जिवाणूत त्यांनी फॉस्फेट तोडणाऱ्या विकराचं जनुक घातलं. ग्लिसरॉलला बांधलेलं फॉस्फेट सुटं झालं आणि विरळ द्रावणातलं 90 टक्क्यांहून जास्त युरेनियम 6 तासांत खाली बसलं. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो.

आता बीडला परत, आजच्या माजलगावच्या उसात या. पानात साखर तयार होण्याआधी सुक्रोज-फॉस्फेट बनतं, मग फॉस्फेट गळून पडतं. बांधावर डीएपी खताचं पोतं आहे; फॉस्फेटच्या दगडातलं थोडं युरेनियम त्यातही असतं, किती ते दगड कुठल्या खाणीतला यावर ठरतं. विहिरीच्या पाण्यात मात्र साखर-फॉस्फेटचा पाड लागत नाही. बेसॉल्टमधून येणाऱ्या त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, आणि अशा पाण्यात युरेनियम कार्बोनेटचाच हात धरून विरघळलेलं राहतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. पाणी तपासायला द्याल तेव्हा नायट्रेट आणि फ्लोराइडसोबत युरेनियमही तपासून मागा.